एचटॉप: फुकट आहे, चांगलं आहे, पण टाकल्या टाकल्या दोन सेटिंग बदला

एचटॉप म्हणजे मशीनवर कुठली कामं चालू आहेत आणि सीपीयू किती गुंतलाय ते दाखवणारा लिनक्सवरचा प्रोग्राम. जुन्या मासिकांचे स्कॅन घेऊन त्यातला मजकूर काढायचं काम मी करतो. मशीन आठ कोअरचं, एका वेळी सोळा कामं पेलणारं, वर डेबियन लिनक्स. एकदा टेसरॅक्ट (चित्रातून मजकूर काढणारा प्रोग्राम) एकदम सोळा वेळा सोडला आणि 'अपटाइम' ही कमांड मारली, तर ती दाखवते त्या लोडच्या तीन आकड्यांपैकी पहिला ५८! शेजारी बसलेली आमची ऑपरेटर म्हणाली, "दादा, बंद करा, जळेल ते."

जळत काही नाही. ते तीन आकडे म्हणजे गेल्या १, ५ आणि १५ मिनिटांत सरासरी किती कामं चालू होती किंवा रांगेत उभी होती, एवढंच. सरासरीही सरळ नाही, जुनं हळूहळू विसरणारी. रिकाम्या मशीनवर एकच काम लावलं तर मिनिटभराने पहिला आकडा १ नाही, ०.६३ च्या आसपास दिसतो. पण सोळा कामांचे ५८ कसे?

इथे एचटॉप उपयोगी पडलं. यादीत एकेका टेसरॅक्टच्या चार-चार ओळी. आधी मला वाटलं, स्क्रिप्टनेच घोळ घातला. कॅपिटल एच दाबल्यावर थ्रेड (एकाच प्रोग्रामची एकदम चालणारी पोटकामं) लपले आणि बरोबर सोळा उरले. म्हणजे प्रत्येक टेसरॅक्ट आपणहून चार थ्रेड काढत होता, आणि लिनक्स लोड मोजताना थ्रेडही धरतं. ओएमपी_थ्रेड_लिमिट (किती थ्रेड काढायचे त्याची मर्यादा) १ केलं, लोड सोळावर आला, आणि पानं उलट भरभर निघायला लागली. थ्रेड लपवलेले असणं हीच मुळातली सेटिंग हवी होती.

दुसरी तक्रार जरा मोठी. जुन्या यूएसबी डिस्कवरून फाइली ओढताना लोड ९, आणि वरच्या सीपीयूच्या पट्ट्या जवळजवळ रिकाम्या. लिनक्स १९९३ पासून डिस्कची वाट बघत अडकलेली कामंही लोडमध्ये धरतं. बाकीच्या बऱ्याच युनिक्समध्ये तसं नाही. एफ६ ने यादी स्टेटप्रमाणे लावून पाहिली तर 'डी' ची, म्हणजे अशा अडकलेल्या कामांची, रांगच. एफ९ ने मारायला गेलो, एकही हलेना. त्या अवस्थेत किल-९ या सक्तीने मारणाऱ्या कमांडचंही चालत नाही. पण हा डिस्कचा वेळ पट्टीत करड्या रंगात दिसतो तो एफ२ मध्ये जाऊन तपशीलवार सीपीयू वेळ चालू केल्यावरच. नवख्याला हे कोण सांगणार? तो बिचारा नवा प्रोसेसर घेऊन येईल.

लिनक्सवरचं साधं 'टॉप' हा डिस्कचा वेळ 'डब्ल्यूए' म्हणून काही न बदलताच दाखवतं. तरी मी परत टॉपकडे गेलो नाही. झाडासारखी मांडणी (एफ५), माउस, स्क्रोल, याची सवय लागते.

आणि हो, ग्नोम टर्मिनल या कमांडच्या खिडकीत एफ१० ने एचटॉप बंद होत नाही, टर्मिनलचाच मेनू उघडतो. सरळ क्यू दाबा.