दुर्बीण लघवीच्या वाटेनं की पोटातून?

फोंड्याची मावशी लघवीला गेली की तिचं डोकं ठणकायचं, छाती धडधडायची. मूत्राशयात पॅरागँग्लिओमा निघाला. दुर्मीळ गाठ, रक्तदाब चढवणारी. बांबोळीच्या इस्पितळातून फाईल घेऊन आली ती प्रश्न घेऊनच: गाठ कुठल्या वाटेनं काढायची?

लघवीच्या वाटेनं खरवडलं तर पोटावर टाका नाही, घरी लवकर. पण ही गाठ बहुधा स्नायूच्या थरात रुतलेली असते, थोडी मागे राहायची भीती. लॅप्रोस्कोपीत पोटाला छिद्रं पाडून मूत्राशयाच्या भिंतीच्या तुकड्यासकट गाठ अखंड काढतात. मग आत टाके, काही दिवस नळी-पिशवी. (मावशीला राग त्या पिशवीचाच.)

अल्फा-ब्लॉकर (रक्तदाब उसळू न देणाऱ्या) गोळ्या दोन्हींत आधी हव्यातच.

छोटी, आत फुगलेली गाठ असेल तर पहिली वाट चालेल. रुतलेलीला दुसरीच. मावशीची एमआरआयमध्ये रुतलेली दिसते.