अपघाताचा दावा करावा की मिटवून टाकावं: साताऱ्यातल्या एका वकिलांच्या ऑफिसबद्दल

वकिलांचं नाव यात मिळणार नाही, हे आधीच सांगते. वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलची बंदी आहे, आणि मी नाव घेऊन चांगलं लिहिलं तर उद्या कुणीतरी म्हणणार, त्यांनीच लिहून घेतलं. ऑफिस पोवई नाक्यापासून चालत जाण्यासारखं आहे, दुसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट नाही. अपघाताच्या केसेस घेणाऱ्या माणसाने दुसरा मजला का निवडावा हे मला अजून उमगलेलं नाही. मी गेले तेव्हा कुबड्यांवरचे एक आजोबा जिन्याच्या वळणावर दम खात उभे होते आणि त्यांचा नातू फाईल हातात धरून वर-खाली करत होता.

माझं प्रकरण थोडक्यात सांगते. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये कोरेगाव रस्त्याला एका छोट्या हत्ती टेंपोने माझ्या स्कूटीला बाजूने उडवलं. उजवं मनगट मोडलं, ऑपरेशन करून प्लेट बसवली. मी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. लग्नसराईत घरात मशीनपाशी बसायला जागा नसते एवढं काम असतं. म्हणजे मोडलं नेमकं तेच, ज्याच्यावर पोट चालतं.

टेंपोवाला निघाला पलीकडच्या गावचा, माझ्या नणंदेच्या सासरकडून लांबचा नात्यातला. दवाखान्यात नारळपाणी घेऊन आला, आमच्या ह्यांच्या पाया पडला. "वहिनी, चाळीस हजार देतो, आपसात मिटवू. केस केली तर माझं घर बसेल." सासूबाईंचं ठरलेलं वाक्य होतं की शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. चाळीस हजारांतले दहा आले, बाकीचे आधी दिवाळीनंतर आणि मग संक्रांतीनंतर मिळणार होते.

त्याआधी वॉर्डात एक जण येऊन गेला होता. मी अजून सलाइनवर होते. त्याने कॉटच्या कडेला कोरा वकालतनामा, म्हणजे वकील नेमल्याचा कागद, ठेवला. म्हणाला, ताई, तुम्हाला एक पैसा घालायचा नाही, आलेल्या रकमेतले वीस टक्के आमचे. किती येतील विचारलं तर "दहा लाख कुठे जात नाहीत." माझं मनगट किती वळतंय हे त्याने पाहिलंही नव्हतं, कारण ते तेव्हा प्लास्टरमध्ये होतं. सही केली नाही. वकिलाने निकालाच्या रकमेत टक्केवारी ठरवणं नियमातच बसत नाही, हे मला नंतर कळलं. पण आमच्या वॉर्डातल्या दोघींनी तिथेच अंगठे दिले होते.

तर हे ऑफिस. भेटीचे सातशे रुपये आधी घेतात, त्याचा मला सुरुवातीला राग आला. पण तासभर बसवून ऐकून घेतलं आणि पहिला अर्धा तास रकमेचा विषयच काढला नाही. कागद मागितले. फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं. गाडीचा नंबर ज्युनिअरने तिथेच एम-परिवहन या सरकारी अॅपवर टाकला, टेंपोचा विमा चालू दिसला. मग साहेब म्हणाले, "ताई, पैसे टेंपोवाल्याच्या घरातून जात नाहीत, विमा कंपनी देते. ड्रायव्हरचं लायसन नीट असेल तर त्याच्या खिशाला हातही लागत नाही. लायसन नसेल तर मात्र कंपनी तुम्हाला देऊन त्याच्याकडून वसूल करायला मागू शकते, हेही ऐकून ठेवा." लायसन निघालं साध्या हलक्या वाहनाचं. ते चालतं, म्हणाले. साडेसात हजार किलोच्या आतल्या मालवाहू गाडीला लायसनवर वेगळा शेरा लागत नाही, असं सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. नात्यातल्या माणसाचं घर बसवल्याचं ओझं मी दोन महिने वाहत होते, ते तिथे पाच मिनिटांत उतरलं. एवढ्यासाठीसुद्धा सातशे रुपये मला जड नाहीत.

मग त्यांनी फिर्यादीच्या एका ओळीवर बोट ठेवलं. माझ्या नावापुढे लिहिलं होतं, "धंदा: घरकाम." हवालदाराने मला विचारलंच नव्हतं. बाई दिसली, घरकाम लिहिलं. तीच ओळ दवाखान्याच्या कागदावर उतरली होती. साहेब म्हणाले, विमा कंपनीचा वकील सगळ्यात आधी हीच ओळ वाचून दाखवणार. "तुम्ही कमावता याचा काही पुरावा?" माझं दुकान नाही, रिटर्न भरत नाही. मी म्हटलं, मापाची वही आहे.

दुसऱ्या खेपेला वही नेली. माझी वही म्हणजे लांबट रजिस्टर. दर पानावर गिऱ्हाइकाचं नाव, छाती, कंबर, मुंढा, बाही, गळ्याची खोली, कडेला कापडाचा तुकडा टाचलेला, खाली आगाऊ आणि बाकी. साहेबांनी पान उलटून विचारलं, "हे 'पा. ७५' काय?" पायपिंगचे पंच्याहत्तर जादा, म्हटलं. अपघाताच्या आधीच्या वर्षाची सगळी पानं त्यांनी ज्युनिअरला झेरॉक्स करायला लावली, आणि अपघातानंतरची कोरी पानंही. वर अस्तर-दोऱ्याच्या दुकानाची बिलं, फोनवरचा गूगल पेचा उतारा, आणि कोर्टात येऊन सांगतील अशा दोन गिऱ्हाइकांची नावं मागितली. त्यातली एक शाळेत बाई आहेत. त्या लगेच तयार झाल्या, कारण त्यांच्या भाचीच्या लग्नाचे सहा ब्लाउज माझ्याकडे अडकले होते आणि त्यांना ते दुसरीकडे दुप्पट दराने शिवून घ्यावे लागले. एवढ्या रागाचा माणूस साक्षीला चांगला, असं साहेब म्हणाले.

कैची धरून दाखवायला सांगितली. टेबलावरचा जुना पेपर होता. चार वेळा कात्री चालली की मनगटाच्या खालून ओढ येते आणि अंगठा सुटतो, ते त्यांनी पाहिलं. मग सांगितलं की शासकीय रुग्णालयाच्या सर्टिफिकेटवर हाताच्या अपंगत्वाचा टक्का येईल, पण कोर्टाने पाहायचं असतं ते कमाईची ताकद किती गेली. सुप्रीम कोर्टाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात हेच सांगितलंय. बँकेतल्या माणसाचं मनगट आणि शिवणाऱ्या बाईचं मनगट कागदावर सारख्या टक्क्याचं असलं तरी नुकसान सारखं नसतं. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना साक्षीला यावं लागेल, ते येतात का आधी विचारून घ्या, हेही त्याच दिवशी बजावलं.

मला जे ठरवायचं होतं ते यापुढे. मोटार वाहन कायद्यात दोन वाटा आहेत. कलम १६४ मध्ये चूक कुणाची हे सिद्ध करावं लागत नाही. गंभीर दुखापतीला अडीच लाख, मृत्यूला पाच लाख, बस्स. हाड मोडणं गंभीर दुखापतीतच येतं. पण ते पैसे घेतले की कलम १६६ चा दावा संपतो. कलम १६६ मध्ये टेंपोवाल्याचा हलगर्जीपणा सिद्ध करावा लागतो आणि रक्कम तुमच्या पुराव्यावर ठरते.

साहेबांनी कोऱ्या कागदावर दोन हिशेब मांडले. पहिला सगळं चांगलं झालं तर: महिन्याची कमाई १५,००० धरली, म्हणजे वर्षाला १,८०,०००. कमाईची ताकद १५ टक्के गेली तर वर्षाचं नुकसान २७,०००. माझं वय त्रेचाळीस, त्याला सुप्रीम कोर्टाच्या सरला वर्मा निकालाप्रमाणे १४ चा गुणक, म्हणजे वर्षाच्या नुकसानाची चौदा पट, ३,७८,०००. स्वतःचा धंदा आणि वय चाळीस ते पन्नास, म्हणून पुढे कमाई वाढली असती त्याचे, सुप्रीम कोर्टाच्याच प्रणय सेठी निकालाप्रमाणे, वर २५ टक्के. झाले ४,७२,५००. शिवाय दवाखान्याचा खर्च, बसून काढलेले महिने, वेदनेचे वेगळे. दुसरा हिशेब वाईटाचा: कोर्टाने वही मानली नाही, कमाई ८,००० धरली आणि टक्के फक्त ८. तोच गुणक आणि तीच वाढ लावून त्याचे होतात १,३४,४००. वर दवाखान्याचे धरले तरी अडीच लाखांच्या आसपासच घुटमळणार. आणि टेंपोवाल्याने "बाई अचानक वळल्या" असं जबाबात म्हटलंय, ते थोडंफार जरी ग्राह्य धरलं तर तेवढा टक्का माझ्या नावावर कापणार. "आता तुम्ही ठरवा," म्हणाले, "हा कागद घरी न्या."

मी बऱ्याच ठिकाणी कपडे शिवलेत, बऱ्याच लोकांशी पैशाचं बोललेय. समोरच्याने दोन्ही आकडे स्वतःहून मांडावेत, आणि त्यातला वाईट आकडा हळू आवाजात न सांगता मोठ्याने सांगावा, हे मी फारसं पाहिलेलं नाही.

आणखी एक. आमच्या ह्यांच्या कंपनीच्या ग्रुप इन्शुरन्समधून ऑपरेशनचे काही पैसे मिळाले होते, म्हणून मी ती बिलं नेलीच नव्हती. साहेबांनी आणायला लावली. मेडिक्लेमचे पैसे अपघाताच्या भरपाईतून वजा करायचे नाहीत, असं मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये ठरवलंय. हप्ता आपण भरला, त्याचा फायदा टेंपोच्या विमा कंपनीला का द्यायचा?

मी कलम १६६ निवडलं. डिसेंबरात दावा दाखल झाला. अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दावा टाकायचा ही अट २०२२ पासून पुन्हा लागू झालीय. तिच्यावर सुप्रीम कोर्टात वाद चालू आहे, पण त्या भरवशावर बसायचं नाही, असं ऑफिसचं म्हणणं. संक्रांतीपर्यंत चाळीस हजारांची वाट पाहत बसले असते तर तारीख डोक्यावर आली असती.

फी ठरवून घेतात, टप्प्याटप्प्याने. दाखल करताना, पुराव्याला आणि निकालाला. एकूण पस्तीस हजार, टायपिंग-झेरॉक्स वेगळं. पहिल्याच दिवशी त्यांनी हेही सांगितलं की बाईमाणसाला उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, ऑफिस कोर्टाच्या आवारातच आहे, तिथे जाऊन या. गेले होते. तिथल्या मॅडम चांगल्या बोलल्या. तरी परत आले, कारण वहीचं महत्त्व ज्याने ओळखलं त्यालाच ती कोर्टात दाखवू दे, असं वाटलं.

आता तक्रारी. फोन कुणी उचलत नाही. व्हॉट्सअॅपवर क्लार्क "ओके ताई" लिहितो आणि त्या ओकेचा अर्थ दोन दिवसांनी कळतो. दुसऱ्या हप्त्याची पावती मागितल्याशिवाय मिळाली नाही. सगळ्यात वाईट म्हणजे दाव्याचा मसुदा इंग्रजीत आला, सही करा म्हणाले. मी म्हटलं, मराठीत वाचून दाखवा, मग सही. ज्युनिअर मुलगी वाचायला लागली आणि दुसऱ्याच परिच्छेदात आलं, "अर्जदार या गृहिणी असून." वहीच्या दीडशे पानांच्या झेरॉक्स जोडून पुन्हा गृहिणी! फिर्यादीवरून जसंच्या तसं उतरवलं होतं. साहेबांनी ज्युनिअरला काही बोलायच्या आत मीच बोलले. पान बदलून आलं, पण न वाचता सही केली असती तर? तिथे जाणाऱ्या प्रत्येक बाईने मसुदा मराठीत वाचून घ्यावा, आणि त्यासाठी लाजू नये. त्यांचंच काम आहे ते.

सध्या विमा कंपनीचं लेखी म्हणणं आलंय. अपघात नाकबूल, झाला असल्यास अर्जदाराच्या चुकीने, उत्पन्न नाकबूल, वय नाकबूल. वय नाकबूल वाचून आमचे हे फार हसले. साहेब म्हणतात हा छापील मजकूर असतो, मनाला लावून घेऊ नका. पुढे लोकअदालतीत कंपनी काहीतरी रक्कम पुढे करेल, तिथे मिटलं की अपील नाही, नको वाटलं तर नाही म्हणायचा हक्क तुमचा. निकालाला वेळ लागेल हे त्यांनी लपवलेलं नाही. भरपाई मंजूर झाली की दाव्याच्या तारखेपासून व्याज मिळतं, एवढाच त्यातला दिलासा.

टेंपोवाला मध्ये बाजारात भेटला. आधी तोंड फिरवलं, मग स्वतःच येऊन विचारलं, "वहिनी, कंपनीच भरते ना सगळं?" हो म्हटलं. त्याचे दहा हजार साहेबांनी दाव्यात नोंदवलेत, लपवायचं काही नाही.

पाचपैकी साडेतीन देते. एक जिन्याला आणि फोनला मिळून कापला, अर्धा त्या "गृहिणी"ला. जायचं असेल तर संध्याकाळी सहानंतर जा, दिवसा साहेब कोर्टात असतात. कागदांचे तीन संच खालूनच करून न्या, वर झेरॉक्सचे पानाला तीन रुपये लावतात आणि खालचा दुकानदार साडेसातला शटर ओढतो.