उभा बूम, सपाट कागद: व्हेक्टरवर्क्स स्पॉटलाइट वापरल्यानंतर

व्हेक्टरवर्क्स स्पॉटलाइट हे रंगमंचाच्या प्रकाशयोजनेचे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर वापरायला लागून बरेच महिने झाले. पुण्यातले प्रकाशयोजना करणारे दोघं-तिघं "घेण्यासारखं आहे का?" असं विचारतात, म्हणून लिहितोय. सगळ्या सॉफ्टवेअरबद्दल नाही, फक्त बूमबद्दल, म्हणजे दिवे लावायला विंगेत उभ्या केलेल्या पाइपबद्दल. माझं निम्मं काम नृत्याचं, आणि तिथे खरा प्रकाश विंगांतून येतो.

वर टांगलेल्या आडव्या बारचं दुखणं कधीच नव्हतं, दुखणं बूमचं. एका उभ्या पाइपवर खाली शिन (नडगीच्या उंचीचा दिवा), मध्ये कमरेला एक, वर डोक्याच्या उंचीला एक असे दिवे लावले, की प्लॅनमध्ये, म्हणजे वरून पाहिलेल्या नकाशात, तिन्ही एकमेकांवर चढून बसतात. चॅनेल (दिव्याचा कंट्रोल नंबर) कुठला, जेल (रंगीत फिल्टर) कुठली, काही वाचता येत नाही. ऑटोकॅडवर होतो तेव्हा कागदाच्या कडेला बूम समोरून दिसेल तसा वेगळा काढायचो. पण ते नुसतं चित्र. तिथे दिवा सरकवला की प्लॅनमध्येही आठवणीने बदल करा, आणि यादीत तोच दिवा दोनदा मोजला जात नाही ना, तेही बघा.

स्पॉटलाइटमध्ये त्यावर स्किमॅटिक व्ह्यू आहे. थ्रीडीतला बूम निवडून त्याचा व्ह्यू केला की तोच बूम शीटवर सपाट मिळतो, नेहमीच्या टूडी चिन्हांसकट आणि लेबलांसकट. दिवा मात्र एकच. एकीकडे हलवला की दुसरीकडे हलतो. माझ्या लेखी पैसे वसूल झाले ते इथेच.

यशवंतराव चव्हाण नाट्यगृहातल्या एका भरतनाट्यमच्या कार्यक्रमाचं काम करताना थ्रीडीत शिनचा झोत चालू करून पाहिला, तर तो पुढच्या विंगेच्या पडद्याची कड चाटत होता. प्लॅनमध्ये हे दिसणं शक्यच नव्हतं. बूम थोडा मागे घेतला, दिवा 30 सेंटिमीटरवरून 45 वर उचलला, कड सुटली. स्किमॅटिकमध्ये उंचीचा आकडाही नवा आला.

नंबर देताना मात्र डोळे उघडे ठेवा. बूमवर नंबर वरून खाली द्यायची पद्धत आहे. अमेरिकेतल्या यूएसआयटीटी या रंगमंच-तंत्रज्ञांच्या संस्थेचा संकेतही तोच. आपले काही लोक खालून मोजतात, मग शिन 1 का 3 यावरून विंगेत हुज्जत. मी ऑटोवर न सोडता एकेक दिवा क्लिक करून नंबर देतो आणि शेजारी स्टेजपासूनची उंची लिहितो.

थ्रीडीचं कौतुक दिग्दर्शकाला आणि नर्तकीला. शिडीवर चढलेल्या दादाच्या हातात मी 1:25 चा सपाट कागदच देतो. त्याला फिरवून बघायचं मॉडेल नको, क्लॅम्प किती उंचीवर आवळायचा ते हवंय. एकदा भाड्याने आलेले बूम सांगितल्यापेक्षा बुटके निघाले. तेव्हा वरचे दिवे खाली घेतले आणि कागदावर पेनाने खुणा केल्या, झालं काम.

शिकायला वेळ जातो, लॅपटॉप दमदार लागतो आणि सबस्क्रिप्शन छोट्या ग्रुपला जड जातं. पुरुषोत्तम करंडक स्पर्धेची एकांकिका करणाऱ्या पोरांनी याच्या वाटेला जाऊ नये, दोन स्टँडसाठी आलेख कागद पुरे. सुदर्शनसारख्या छोट्या जागेतही मी अजून हातानेच काढतो. नृत्यवाल्यांनी मात्र ट्रायल जरूर घ्यावी. पहिला बूम टाकण्याआधी उंची स्टेजपासून धरायची की बेसच्या प्लेटपासून, ते भाड्याने दिवे देणाऱ्याशी बोलून ठरवा.