प्रेस मागवला, फ्लेक्सचं मशीन आलं

काडतुसं घरी भरायचा प्रेस ऑनलाइन मागवला आणि फसलो. एकूण गेले एक्केचाळीस हजार पाचशे रुपये. त्यातले साडेअठरा हजार हौसेपायी गेले, त्याचा दोष माझाच. उरलेले तेवीस हजार मात्र भीतीपायी गेले, आणि हे लिहायला बसलोय ते त्या तेवीस हजारांसाठी.

हौस जुनी आहे. आजोबांकडे बाराबोरची बंदूक होती. तिची पितळी काडतुसं ते घरीच भरायचे. दारू, पुठ्ठ्याची चकती, छर्रे, पुन्हा चकती आणि वर मेणाचा थेंब. 1972 चा वन्यजीव कायदा आला, शिकार संपली, बंदूकही गेली. माझ्याकडे आलं ते वडिलांचं पॉइंट बत्तीसचं रिव्हॉल्वर, रीतसर लायसन्ससकट. त्याची काडतुसं महाग, त्यामुळे रेंजवर जाऊन मन भरेपर्यंत नेम धरणं परवडत नाही. त्यात भाचा ओहायोत. त्याच्या तळघरात रीलोडिंगचं, म्हणजे काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरायचं टेबल आहे. रविवारी व्हिडिओ कॉलवर तो पुंगळ्या भरत बसतो आणि मी इकडे इंदूरच्या सुदामानगरात पोहे खात बघत बसतो. एकतीस वर्षं पीथमपूरला साचे-अवजारं बनवणाऱ्या टूलरूममध्ये काढलेल्या माणसाला असं यंत्र नुसतं बघून राहवत नाही.

हे यंत्र म्हणजे सिंगल स्टेज प्रेस. हँडल खाली ओढलं की रॅम, म्हणजे मधला दांडा, वर चढतो. त्याच्या डोक्यावर शेल होल्डरमध्ये अडकवलेली रिकामी पुंगळी वरच्या डायमध्ये, म्हणजे साच्यात घुसते. एका वेळी एक डाय, एक काम. पन्नास पुंगळ्या असतील तर पन्नासही आधी एकाच डायमधून काढायच्या आणि मग डाय बदलायची. वेळखाऊ प्रकार, पण प्रत्येक पुंगळी हातात येत असल्याने चूक दिसते. म्हणून नवख्याने इथूनच सुरुवात करावी असं तिकडचे सगळे सांगतात. फ्रेम दोन तऱ्हेची असते. इंग्रजी सीसारखी, पुढून उघडी. किंवा ओसारखी, चारी बाजूंनी बंद. रायफलची मोठी पुंगळी दाबताना सीचा जबडा किंचित फाकतो, ओ फाकत नाही. रिव्हॉल्वरच्या चिमुकल्या पुंगळीला सी सुद्धा पुरते. ओतीव बिडाचा चांगला प्रेस आठ किलोच्या आसपास भरतो. कॅलिफोर्नियातली आरसीबीएस ही 1943 ची कंपनी, तिचे हिरवे प्रेस प्रसिद्ध आहेत. नावातले आर आणि सी म्हणजे रॉक चक, खारीच्या कुळातला एक गुबगुबीत प्राणी. त्याच्या शिकारीसाठी गोळ्या दाबायचा साचा बनवला, त्यावरून हे नाव पडलं. लोक कशावरून कंपन्यांची नावं ठेवतील सांगता येत नाही.

हे सगळं मला तोंडपाठ होतं. म्हणूनच जास्त लाज वाटते.

फेसबुकवर जाहिरात दिसली. हिरवा प्रेस, ‘इम्पोर्टेड, दिल्ली गोडाऊन, फक्त 18,500’. व्हॉट्सअॅपवर बोलणं सुरू झालं. माणूस गोड बोलणारा, दर वाक्याला ‘सर’. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, ‘‘सर, कौन से बोर का प्रेस चाहिए?’’ मी तिथेच फोन ठेवायला हवा होता. सिंगल स्टेज प्रेसला बोर नसतो, बोर असतो डायला आणि शेल होल्डरला. यंत्र तेच राहतं. मग मी विचारलं, वरच्या भोकाचे आटे कुठले? जवळपास सगळ्या कंपन्यांच्या डाय सात अष्टमांश इंचाच्या, इंचाला चौदा आटे अशा असतात, म्हणून एका कंपनीची डाय दुसरीच्या प्रेसमध्ये बसते. तो म्हणाला, ‘‘एम ट्वेंटी, सर.’’ म्हणजे मिलीमीटरच्या मापाचे, वेगळेच आटे. टूलरूमचा माणूस मी! पण मनाने समजूत काढली, बिचारा विक्रेता आहे, फिटर थोडाच आहे.

तिसरी खूण तर ढळढळीत होती. ‘‘पावडर और प्रायमर भी कुरिअर से भेज दूँगा.’’ स्फोटक माल कुरिअरने पाठवायला निघालेला माणूस एक तर वेडा असतो किंवा त्याच्याकडे काहीच माल नसतो. मी फक्त एवढंच म्हणालो की ते नको, प्रेसच द्या. आणि लायसन्सचं काय? ‘‘मशीन है सर, बारूद थोड़े ही है.’’ भाच्याने विचारलं होतं, ‘‘मामा, तिकडे हे चालतं का?’’ त्याला मी याच माणसाचं वाक्य ऐकवलं, जणू स्वतःच कायदा वाचून आलोय.

निम्मे पैसे आधी दिले, निम्मे ‘माल निघाल्यावर’. दोन्ही यूपीआयने, आणि दोन वेगवेगळ्या नावांवर. नावं वेगळी कशी, हेही विचारलं नाही.

खोकं आलं. हातात घेतलं तेव्हाच कळलं, तीन किलोही नव्हतं. आत कपडे-फ्लेक्सना आयलेटची कडी ठोकायचं हातमशीन होतं. सी आकाराचं, हँडलवालं, वरून हिरवा स्प्रे मारलेला. रंग अजून बोटाला लागत होता. सियागंजात असली मशीनं दुकानाच्या पायरीवर मांडलेली असतात.

मी चिडून मेसेज केला, पोलिसात जातो म्हणून. उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी व्हिडिओ कॉल आला. खाकी वर्दी, मागे झेंडा. तो स्वतःला दिल्लीच्या कुठल्याशा शाखेचा अधिकारी म्हणवत होता. माझं नाव, पत्ता, मी पाठवलेले सगळे मेसेज त्याच्याकडे होते. असणारच, माल विकणारा आणि हा एकाच टोळीचे. पण त्या क्षणी ते सुचत नाही. त्याने शस्त्र कायदा 1959 चं कलम दोन इंग्रजीत वाचून दाखवलं. दारूगोळ्याच्या व्याख्येत दारूगोळा बनवायची यंत्रसामग्रीही येते. माझ्या पोटात गोळा आला, कारण त्याने मला पुढे मोबाइलवर शोधायला लावलं आणि ते खरं निघालं. सगळ्या खोटेपणात हे एवढंच अस्सल होतं. नंतर वकील मित्रानेही तेच सांगितलं. असं यंत्र बनवायला-विकायला कलम पाच, बाहेरून आणायला कलम दहा, दोन्हींना परवाना लागतो आणि 2019 च्या दुरुस्तीत शिक्षा आणखी कडक झाल्या. ‘मशीन आहे, बारूद नाही’ हे वाक्य ज्याने मला विकलं, त्याच्याच साथीदाराने त्याचा खोटेपणा मला सांगितला. आधी फूस लावायची आणि मग त्याच चुकीचं भय घालायचं, असा त्यांचा धंदा. ज्या वस्तूची तक्रार करायला गिऱ्हाईक कचरेल, तीच वस्तू ते विकतात. प्रेस हे निमित्त. उद्या बंदुकीचा सायलेन्सर असेल, परवा औषध असेल.

‘‘आप डिजिटल अरेस्ट में हैं, कमरे से बाहर मत जाइए.’’ मी बसलो. खरंच बसलो. लायसन्स जाईल, वडिलांचं रिव्हॉल्वर जमा होईल, मुलीच्या सासरी कळेल. ‘व्हेरिफिकेशन’चे आधी अकरा हजार, मग बारा हजार. तिसऱ्यांदा साठ हजार मागितले तेव्हा बायको चहा घेऊन आत आली. तिने स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘‘अहो, पोलीस घरी यायचे सोडून व्हिडिओवर कधीपासून यायला लागले?’’ आणि फोन कट केला. कपबशी न सांडता.

डिजिटल अरेस्ट नावाची अटक आपल्या कायद्यात कुठेच नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये हे सांगितलं होतं आणि मी ते ऐकलंही होतं. ऐकलेलं असूनही मी त्या खुर्चीत दोन तास बसून होतो, हे मुद्दाम लिहितोय.

पुढचे दोन दिवस मी गप्प बसलो, ती चूक सगळ्यात महाग पडली. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर लगेच फोन केला असता तर पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवता आले असते. वकील मित्र म्हणाला, ‘‘अरे, तू मागवलंस ते आलंच नाही. जे घडलं ते जसंच्या तसं सांग, लपवलंस तर अडकशील.’’ मग 1930 वर फोन केला, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार भरली. चॅट, यूपीआयचे व्यवहार क्रमांक, कुरिअरची पावती, सगळं जोडलं. सुदैवाने चॅट मी पुसलं नव्हतं. एका खात्यात नऊ हजार अडकलेले सापडले आहेत, ते परत मिळायला अर्ज-विनंत्या चालू आहेत. बाकीचे कुठून कुठे गेले देव जाणे.

ठाण्यात ते हिरवं यंत्र मी पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं आणि रॅम, डाय, शेल होल्डर असं हिंदीत समजावायला लागलो. शेजारी बसलेल्या पोरगेल्या शिपायाने ते उचललं, हँडल दोनदा खटखट दाबलं आणि म्हणाला, ‘‘काका, ये तो बैनर में छल्ले लगाने वाली है. चुनाव में हमने भी खूब चलाई.’’