मेन्सचा गट: विषय वाटून घ्यायचे की उत्तरं तपासायची?

पुण्यात सदाशिव पेठेत, नवी पेठेत एमपीएससीच्या राज्यसेवेची मुख्य परीक्षा, म्हणजे मेन्स, देणारे चार जण एकत्र आले की गट चालवायच्या दोन पद्धती पुढे येतात. एक, विषय वाटून घ्यायचे: पॉलिटी (राज्यव्यवस्था) एकाकडे, इकॉनॉमी दुसऱ्याकडे, आणि प्रत्येकाने नोट्स काढून बाकीच्यांना शिकवायचं. दुसरी, वाचन ज्याने त्याने करायचं आणि भेटायचं ते फक्त उत्तरं लिहून एकमेकांची तपासायला. मी दोन्ही प्रकारच्या गटांत बसलोय.

वाटणीचा फायदा खरा आहे. अर्थसंकल्पाच्या तोंडावर येणारी राज्याची आर्थिक पाहणी एकट्याने वाचायची म्हणजे जीव मेटाकुटीला येतो. प्रकरणं वाटली की लवकर हातावेगळी होते. पूर्वपरीक्षा बहुपर्यायी असल्याने तिथे दुसऱ्याने काढलेले आकडेही कामी येतात. शिवाय शिकवणाऱ्याचा विषय पक्का होतो.

पण शिकवणाऱ्याचाच. मला सगळ्यात जाचलं ते वाट पाहणं. इकॉनॉमी ज्याच्याकडे होती तो पेरणीला गावी गेला, आल्यावर कम्बाइनच्या, म्हणजे एमपीएससीच्याच गट-ब, गट-कच्या संयुक्त परीक्षेच्या मागे लागला. त्याचा दोष नव्हता, घरची जबाबदारी होती. पण ‘त्याच्या नोट्स आल्या की वाचू’ या एका वाक्यावर अख्खा विषय बाकीच्यांच्या टेबलावर न उघडता पडून राहिला. पुढे पॉलिटीवाल्याला पोस्ट मिळाली आणि त्याच्याबरोबर पॉलिटीही गेली.

मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यापासून हे जास्त महागात पडतं. निबंध, जीएसचे (सामान्य अध्ययनाचे) चार पेपर आणि आपण निवडलेल्या ऐच्छिक विषयाचे दोन, प्रत्येकी २५० गुण, म्हणजे १७५० गुण स्वतःच्या हाताने लिहून मिळवायचे. उसन्या नोट्सवर माहिती येते, मांडणी येत नाही.

तपासणीच्या गटात एकदा प्रश्न होता, महाराष्ट्रातील पंचायत राजच्या कामगिरीचं टीकात्मक परीक्षण करा. आमच्यातल्या एकाने १९९२ची ७३वी घटनादुरुस्ती, कलम २४३, महिलांचं ५० टक्के आरक्षण, सगळं ओळीने मांडलं होतं. शेजारच्या मैत्रिणीने लाल पेनने समासात लिहिलं, ‘कामगिरी कुठंय? ग्रामपंचायतीला पैसा कुठून येतो, ग्रामसभा भरते का, एक ओळ तरी?’ पुढच्या रविवारी त्याच उत्तराचा दुसरा खर्डा निम्म्याने वेगळा होता.

इथेही अडचणी आहेत. भिडेखातर सगळे ‘छान आहे’ म्हणतात. म्हणून बोलण्याआधी दहापैकी गुण आणि ते का कापले याचं एक कारण कागदावर लिहायचं ठरवून घ्या. अभ्यासिकेत बोलता येत नाही, त्यामुळे कुणाची तरी रूम लागते.

ज्यांचं पहिलं वाचनच व्हायचंय त्यांना कदाचित वाटणीचा गट बरा वाटेल, निदान पूर्वपरीक्षेपर्यंत. मेन्स डोळ्यांसमोर असेल तर मी तपासणीकडेच झुकेन. चौघांपुढे जाऊ नका, पाचव्याची वही वाचायला वेळच उरत नाही. आणि ऐच्छिक विषय या गटात आणू नका. त्यासाठी तोच विषय घेतलेला एक जोडीदार वेगळा शोधा.