उमंगवरचं पीएफ पासबुक: पाचपैकी चार स्टार, आमच्या एचआरला शून्य

सॅलरी स्लिपवर १८०० रुपये पीएफ कापलेला दिसला की आपण निवांत होतो, पण ते पैसे पुढे भरले का हे स्लिप सांगत नाही, उमंग या सरकारी ॲपमधलं ईपीएफओचं (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेचं) पासबुक सांगतं. आमच्या कंपनीत (एमआयडीसीतली आहे, नाव नको) एका हेल्परला बहिणीच्या लग्नासाठी पीएफमधून पैसे काढायचे होते, त्याने पासबुक उघडलं तर दिवाळीपासून एक रुपया जमा नाही! मग काय, लंच टाइममध्ये सगळे मोबाईल घेऊन बसले आणि सगळ्यांचं तेच. एचआर मॅडम म्हणे सर्व्हर डाऊन आहे, अपडेट व्हायला वेळ लागतो. दिवाळीपासून?

वापरायला सोपं आहे. यूएएन (आपला पीएफचा कायमचा नंबर) टाका, ओटीपी टाका, महिन्यावार हिशोब समोर. बेसिक १५००० असेल तर कंपनी स्वतःच्या वाट्याचे जे १८०० भरते ते एकत्र दिसत नाहीत, १२५० पेन्शनमध्ये आणि ५५० पीएफमध्ये जातात, त्यावरून भांडायला जाऊ नका. आणि पैसे भरायची मुदत पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत असते, म्हणून ५ तारखेला बघून बोंबलण्यात अर्थ नाही. ॲप नको असेल तर यूएएनला जोडलेल्या नंबरवरून ९९६६०४४४२५ वर मिस्ड कॉल द्या, मेसेज येतो.

पण खरी भारी गोष्ट ईपीएफओच्या साइटवर आहे, एस्टॅब्लिशमेंट सर्च. लॉगिनसुद्धा लागत नाही, कंपनीचं नाव टाकलं की कोणत्या महिन्याचे किती पैसे किती जणांसाठी भरले ते दिसतं. नवीन जॉबची ऑफर आली की पगाराआधी हे बघा राव. आमची यादी दिवाळीलाच थांबलेली, तिथे मॅडमचं सर्व्हरचं नाटक संपलं. उशिरा भरलं तर कंपनीला व्याज आणि दंड लागतो, पण आपल्या पगारातून कापून भरलंच नाही तर तो फौजदारी विश्वासघाताचा गुन्हा आहे, आणि हे शेठला माहीत नसेल असं मला तरी वाटत नाही.

एक स्टार कापला कारण पासबुक नुसतं दाखवतं, वसूल करून देत नाही. त्यासाठी ईपीएफआयजीएमएस या ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर तक्रार टाकावी लागते, सोबत सॅलरी स्लिपा जोडा. आम्ही काही जणांनी टाकली. बाकीचे नोकरी जाईल म्हणून थांबलेत, घराचे हप्ते चालू आहेत त्यांचे, त्यांना काय बोलणार.