"कार्ड उडालंय" म्हणत पीएच ट्रान्समीटर गळ्यात मारतात, तेव्हा

एका डाइंग युनिटच्या ईटीपीवरचा (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पावरचा) प्रकार. पीएचचा (आम्लता-अल्कतेच्या मापाचा) आकडा 7 वर अडकला म्हणून सर्व्हिसवाल्याला बोलावलं. त्यानं प्रोब (पाण्यात बुडणारा काचेचा इलेक्ट्रोड) आधी 4 च्या बफरमध्ये (ठरलेल्या पीएचच्या द्रावणात) बुडवला, मग 9.2 च्या. दोन्हीकडे 7 च. "कार्ड उडालंय, ट्रान्समीटर बदलावा लागेल." ट्रान्समीटर म्हणजे प्रोबचे मिलिव्होल्ट वाचून आकडा दाखवणारा मीटर, कार्ड म्हणजे त्यातला इलेक्ट्रॉनिक बोर्ड. कोटेशन आलं, ऑर्डर गेली, जुना ट्रान्समीटर बायबॅकमध्ये त्याच्याच गाडीत बसला. नवा जोडला तर त्यावरही 7! मग गुपचूप केबल बदलली आणि बिलात "जोडणीचं सामान" अशी ओळ वाढली. उतरवलेल्या केबलच्या कनेक्टरमध्ये पाणी होतं, पिनवर हिरवा गंज.

काचेच्या इलेक्ट्रोडचा रोध शेकडो मेगाओम असतो. ओलाव्याला एवढीशी वाट मिळाली तरी त्याचे मिलिव्होल्ट तिथेच शॉर्ट होतात. शून्य मिलिव्होल्ट म्हणजे पीएच 7. म्हणून दोन्ही बफरमध्ये 7 दिसलं तर पहिला संशय कनेक्टर, केबल आणि तडकलेल्या काचेवर घ्यायचा. कार्डाचा नंबर त्यानंतर.

कार्डाची परीक्षा सर्व्हिसवाल्यासमोरच करा. प्रोब सोडवा, तापमान मॅन्युअल 25 अंश ठेवा आणि ग्लास व रेफरन्सची टर्मिनलं तारेच्या तुकड्यानं जोडा. आकडा 7 च्या आसपास स्थिर हवा. जुन्या कॅलिब्रेशनच्या ऑफसेटमुळे (पीएच 7 ला शून्य मिलिव्होल्टपासून पडलेल्या फरकामुळे) थोडा इकडेतिकडे चालेल. पण मेलेलं कार्डही कधी 7 वरच बसून राहतं, म्हणून ही परीक्षा अर्धीच. सिम्युलेटरनं (प्रोबऐवजी ठरावीक मिलिव्होल्ट देणाऱ्या उपकरणानं) +177 मिलिव्होल्ट द्या. 4 च्या आसपास आलं तर कार्ड शाबूत आहे. सिम्युलेटर नसेल तर चांगला प्रोब आखूड केबलनं थेट लावून दोन बफर बघा.

केबल तपासताना तिची दोन्ही टोकं सोडवा. साधा मल्टिमीटर 20-40 मेगाओमपर्यंतच मोजतो, त्यामुळे तो "ओपन" म्हणाला तरी केबल चांगली ठरत नाही. काही मेगाओम दाखवले तर मात्र ती नक्कीच गेली. मेगर (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन मोजणारा मीटर) लावायचा तर ट्रान्समीटर आणि प्रोब दोन्ही वेगळे करूनच, नाहीतर धडधाकट कार्ड आपणच जाळू. आणखी एक जागा बहुतेकांच्या नजरेतून सुटते: कोॲक्स केबलच्या जाळीखाली काळा अर्धवाहक थर असतो. टोक सोलताना तो मधल्या इन्सुलेशनवरून काढला नाही, तर कोरड्या केबलवरही 7 दिसतं.

दुसरी लबाडी सर्टिफिकेटची. सिम्युलेटर लावून फक्त मीटर तपासायचा आणि कागदावर "पीएच सिस्टीम कॅलिब्रेटेड" लिहायचं. प्रोबला हातही लागलेला नसतो. काही जण एकाच बफरवर आकडा जुळवतात. त्यानं ऑफसेट सरकतो, स्लोप (दर पीएचमागे प्रोब देतो ते मिलिव्होल्ट) तपासला जात नाही. सर्टिफिकेटवर दोन बफरची नावं, त्यांची एक्स्पायरी, स्लोप आणि ऑफसेट हवेतच. 25 अंशांना आदर्श स्लोप प्रति पीएच 59.16 मिलिव्होल्ट. तो 50 च्या खाली आला, किंवा ऑफसेट 30 मिलिव्होल्टच्या पुढे गेला, तर आधी प्रोब धुवा (चुन्याचा थर असेल तर 5 टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये काही मिनिटं), पाण्यानं खळबळा, पोटॅशियम क्लोराइडच्या 3 मोलर द्रावणात ठेवून पुन्हा मोजा. सुधारला नाही तरच नवा घ्या. नव्या प्रोबचा सिरीयल नंबर बिलावर लिहून घ्या आणि काढलेला प्रत्येक भाग, बायबॅक असला तरी, स्वतः तपासल्याशिवाय गेटबाहेर सोडू नका.